वनाच्या नावाचा घास

मित्रांनो, साऱ्या भांड्यांचे आयुष्य उताणे जाते, माझे पालथे गेले. मी मांडे भाजण्याचे एक जुने खापर आहे. इतर भांडी अन्न पोटात घेतात, मी ते पाठीवर घेतले. माझ्या पोटात होती ती केवळ आग.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात शिंदखेड्याच्या तोताराम कुंभाराने मला घडवले. ज्या मातीत कालपर्यंत गवताची मुळे झोपली होती, तिला त्याच्या तळव्यांनी गोलाई शिकवली. मग भट्टी आली आणि मी मातीपण कायमचे विसरले. द्रौपदाबाई मला घ्यायला आली तेव्हा ती बोटाच्या पेराने मला ठिकठिकाणी वाजवून, कान लावून ऐकत राहिली.

"अक्का, खापर लेवाले उन्यात का सून देखाले?" तोताराम हसला.

"दोन्ही वाजाडीसनच लेवाले पाहिजे!" ती म्हणाली, आणि मला पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली.

द्रौपदाबाई विधवा होती. घरात ती आणि तिचा मुलगा वना, एवढेच. तिने मला तेलाचा हात लावला, मंद आचेवर हळूहळू तापवले, आणि एके सकाळी पुरण भरलेला उंडा हातात घेतला. तो तिच्या तळव्यांवरून मनगटांवर आणि मनगटांवरून कोपरांपर्यंत पसरत गेला. इतका पातळ, की त्यातून तिच्या हातांवरच्या गोंदणाचा हिरवा रंग दिसावा. मग एका झोक्यासरशी तो माझ्या पाठीवर आला. मित्रांनो, तो स्पर्श मी कसा सांगू? जणू कुणी ओली सकाळ आपल्यावर पांघरावी आणि क्षणात तिचे ऊन व्हावे.

वना धुळ्याच्या सूतगिरणीत लागला होता. सुट्टीच्या दिवशी तो देवपूरच्या खोलीवरून मित्रांना घेऊन येई. ताटात घडी घातलेला मांडा पडला की ओरडे, "हाऊ मांडा शे का मन्ही मायनं लुगडं? घडी उकलता उकलस नही!"

शेजारची तानुबाई चुलीपाशी हातभार लावत असे. ती म्हणे, "मंग बायको लयना का तिले हाईच नेसाड!"

सारे खो खो हसत. मित्र आमरसाच्या वाट्या रिकाम्या करत, माझी स्तुती करत, आणि द्रौपदाबाई घामेजल्या कपाळाने पुढचा उंडा उचले. पुढे वनाची बायकोही आली. तिचे नाव भागाबाई. ती यावलकडची. तिच्या माहेरी पोळी पोळपाटावर लाटत. सासूच्या हातांकडे ती डोळे विस्फारून पाहत राही, पण ते कसब तिने अजून हाती घेतले नव्हते. घाई कुणाला होती?

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात वनाला कावीळ झाली. डॉक्टरांनी तूप, गोड, तळलेले सारे बंद केले. पिवळ्या डोळ्यांनी तो चुलीकडे पाही आणि लहान मुलासारखा मांडा मागे. "बरा व्हय," द्रौपदाबाई म्हणे, "आखाजीले पोटभर मांडा खावाडसू." तिने मन घट्ट करून पथ्य पाळले. पथ्य जिंकले. वना गेला.

त्यानंतर तिने मला कोपऱ्यात गोणपाटाखाली ढकलले. माझ्या पाठीवर धूळ साचली, पोटात कोळ्याने जाळे विणले. चूल पेटे ती भाकरीपुरती. दोन बायका एकमेकींकडे पाठ करून जेवत, की जेवल्यासारखे करत, ते गोणपाटाआडून मला कळत नसे. घास मोडल्याचा आवाज मात्र फार क्वचित येई.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात त्या दिवशी गेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर त्यांच्या नावाने घास टाकतात. त्या सकाळी भागाबाईने माझ्यावरचे गोणपाट काढले.

"काय करी राहिनी?" दारातून द्रौपदाबाईचा आवाज आला.

"मांडा करस, आत्याबाई. सण शे."

"चुल्हा पेटाडू नको."

"त्यासले भूक लागनी व्हई," भागाबाई म्हणाली. "बठ्ठा गावना पितर आज जेवतीन. त्यासले घास कोन देई?"

"घास टाका का तो पितरसमा गया!" द्रौपदाबाई किंचाळली. "मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्या, पितर नही शे. कोनी त्याले घास टाकाना नही!"

मित्रांनो, तेव्हा मला त्या घरातला पेच उमगला. एकीला वाटत होते, घास पडला नाही तर तो तिकडे उपाशी राहील. दुसरीला वाटत होते, घास पडला की तो खरोखरच मेला. दोघींचा तो एकच माणूस होता, आणि त्याचे मरण माझ्या पाठीवर ठरायचे होते.

भागाबाई चुलीपाशी बसली. तिने चूल पेटवली. मी तापू लागले. तिने उंडा हातांवर घेतला; तो एका बाजूला ओघळला, दुसऱ्या बाजूला जाड राहिला. तरी कसाबसा तिने तो माझ्यावर टाकला. मांडा एका कडेने भाजू लागला आणि पुरणाचा वास घरभर पसरला. तो वास द्रौपदाबाईला सोसवला नाही. तिने तांब्या उचलला आणि चूल विझवायला सारे पाणी ओतले.

ते आधी माझ्यावर पडले. टच्च आवाज झाला आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलले. वाफेने घर भरले. वाफ विरली तेव्हा चुलीत मागच्या कोपऱ्यात थोडे निखारे जिवंत होते. भागाबाईने माझ्या तुकड्यावरून अर्धाकच्चा मांडा उचलला, त्याचा घास तोडला आणि हात पुढे केला.

घास टाकताना नाव घ्यावे लागते. ते घ्यायला घरात पुरुष उरला नव्हता, आणि आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव उच्चारत नाही. भागाबाईने त्याला कधी हाकसुद्धा मारली नव्हती. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"वना," ती म्हणाली.

निखाऱ्यावर पुरण चरचरले. द्रौपदाबाईच्या हातातला तांब्या गळून पडला. ती भिंतीला धरून खाली बसली. वना गेल्यापासून तिला रडताना मी ऐकले नव्हते. आताही आवाज आला नाही, केवळ खांदे हलत राहिले. मग चुलीकडे न पाहताच ती म्हणाली,

"आखो एक टाक वं. एक घासमा त्यानं काय पोट भरस!"

मित्रांनो, मी आता अंगणाबाहेर, कुंपणाच्या कडेला दोन तुकड्यांत पडले आहे. मला फोडले म्हणून द्रौपदाबाईला बोल लावू नका. तापलेल्या मातीवर पाणी पडले की ती फुटायचीच. माझी विनवणी वेगळी आहे. वना गेला तेव्हा तेराव्यापर्यंत शेजारपाजारच्या बायका भाकरी-पिठले घेऊन आल्या. मग ज्याची त्याची चूल, ज्याचे त्याचे घर. दुःख मात्र तेराव्याला संपत नाही. खरी भूक त्यानंतरच मरते.

त्या घरातून रोज धूर निघतो की नाही, हे मी इथून पाहत असते. काही दिवस तो दिसतो, काही दिवस दिसत नाही. तुम्ही त्या वाटेने गेलात तर आत जरूर डोकावा. आणि कृपा करून, रिकाम्या हाताने जाऊ नका.