कडी लावली का?

बारक्यानं मुद्दाम केलं का, एवढंच आईला हवं होतं. तो गेल्यापासून सात महिने ती घास हातात धरून तेच विचारायची. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. सुट्टी काढून हँग ग्लायडिंग शिकायला गेला आणि दहाव्या दिवशी पंखाला स्वतःला न अडकवताच डोंगराच्या कडेकडे धावत सुटला. महिनाभर आधी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. नातेवाइकांना तेवढं पुरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसाला सहाशे शर्टांची बटणं ओढून बघते. उडायला निघालेला माणूस पंखाची कडी लावायला विसरतो, हे मला काही केल्या पटेना. चपला घालायला विसरेल एक वेळ. शेवटी रजा टाकली, बारा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली आणि त्याच डोंगरावर त्याच्या मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले. ‘त्याला शिकवलंत तसंच मला उडवा,’ म्हटलं. ‘काही गाळू नका.’

मास्तर आधी नको म्हणाले. मग मान खाली घालून हार्नेस आणायला गेले.

हार्नेस म्हणजे पट्ट्यांची झोळीच. तिच्या पाठीवरून एक लांब पट्टा निघतो, त्याच्या टोकाला कडी. ती पंखाच्या मधोमध असलेल्या फासात अडकवायची आणि धावण्याआधी जमिनीवरच आडवं लटकून बघायचं. मास्तरांच्या बायकोनं पुढे पंखाचं नाक, म्हणजे टोक, धरलं, मास्तर आणि मी एकाच पंखाला लटकलो. मी तर पोत्यासारखी.

‘हे केल्याशिवाय इथं कुणी धावत नाही,’ मास्तर म्हणाले.

म्हणजे बारक्यानं हे टाळलं होतं. माझे कान तापले. त्याचा इतका राग मला तो गेला त्या दिवशीही आला नव्हता.

तेवढ्यात वारा पडला. कड्या काढून आम्ही खडकावर बसलो. पाऊण तास. मी पाणी प्यायले, उन्हाला शिव्या घातल्या, हेल्मेटचा पट्टा तीनदा सैल केला. मग मास्तरांची बायको ओरडली, ‘आला, आला!’ एकच धांदल उडाली. मास्तरांनी स्वतःची कडी अडकवून पंख खांद्यावर घेतला, मी शेजारी उभी राहिले.

‘ताई, कडी लावली का?’

‘झालंय हो! किती वेळा तेच?’

मास्तर जागचे हलले नाहीत. ‘पाठीमागे हात घालून बघा.’

पट्टा माझ्या पोटऱ्यांपाशी मोकळा लोंबत होता.

मी खोटं बोलले नव्हते. झालंय असंच मला वाटत होतं. लटकल्याचं अंगाला अजून आठवत होतं, मधला पाऊण तास कुठं गेला कोण जाणे. सहाशे शर्ट तपासणारी बाई मी!

‘तोही असंच म्हणाला,’ मास्तर म्हणाले. ‘लटकून बघितलं होतं त्यानं. मग वारा पडला, कडी काढून बसला. त्याच्या पंखाचं नाक मीच धरलं होतं, ताई. मी विचारलं. बघितलं नाही.’

बायकोनं तोंड फिरवलं. मास्तरांच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, पण हात उचलला नाही. त्यांनी माझी कडी लावली, दोनदा ओढून पाहिली, पुन्हा लटकवलं. मग आम्ही धावलो. आठ पावलं, आणि नवव्याला खाली काहीच नव्हतं.

वर गेल्यावर मी विचारलं, ‘लगेच पडला?’

‘पंखाखालची दांडी धरून होता. दोन्ही हातांनी.’

‘किती वेळ?’

मास्तरांनी हनुवटीनं पुढे दाखवलं. ‘ती झाडं दिसतात ना, तिथपर्यंत.’

झाडं फार लांब होती. ती आमच्या खालून सरकेपर्यंत मी बघत राहिले.

उतरल्यावर आईला फोन लावला. ‘मुद्दाम नाही गं केलं त्यानं. विसरला. आत्ता मीसुद्धा विसरले होते.’

आई रडली, मोकळी होऊन रडली. चला, एक काम तरी धड झालं, असं मला वाटलं. मग नाक शिंकरून म्हणाली,

‘म्हणजे त्याला जगायचं होतं.’

‘हो आई.’

‘मग काहीतरी धरलं असेल ना त्यानं? किती वेळ धरून होता?’

‘लगेच गेला गं.’

‘माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग.’

मी मान वळवून त्या झाडांकडे बघितलं.

‘बोल ना,’ आई म्हणाली. ‘किती वेळ?’