डोळ्यातला पांढरा टाका

बाहुलीचे डोळे फक्त बाबा करायचे. बाकी सगळं आईचं. कापड कापायचं, मशीनवर शिवायचं, आत कापूस ठासायचा, लोकरीचे केस, फ्रॉक, फ्रॉकची फीत. मग कोऱ्या तोंडाची बाहुली ती बाबांच्या मांडीवर आणून ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, आंधळी आहे अजून."

बाबा उशीला टेकायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे आणि काळ्या दोऱ्याने डोळे भरायला लागायचे. सगळ्यात शेवटी त्या काळ्यात एक पांढरा टाका, तांदळाच्या कणीएवढा. तो पडला की बाहुली एकदम बघायलाच लागायची. तो हुकला तर बाबा म्हणायचे, ही बघत नाही, नुसती डोळे उघडे टाकून झोपलीय. आणि उसवून परत करायचे.

जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. छातीच्या दुखण्यानं आधी दुकान सुटलं, मग जिना सुटला, मग खिडकीपर्यंतची खुर्ची पण सुटली. राहिली खाट. सुई मात्र सुटली नव्हती. सुयांची डबी उशीखाली असायची, आणि सकाळी जाग आली की हात आधी तिकडे जायचा.

त्यांना एकटं सोडून चालायचं नाही म्हणून आईनं मशीन त्यांच्या पायथ्याशीच मांडलं होतं. ती शिवायची, ते डोळे करायचे, आणि दिवसभर दोघांची कुरबूर चालायची. तू फीत वाकडी लावलीस, तुम्ही दोरा जास्त घेतलात. घरातला रेडिओच तो.

बाहुल्या विकायचं काम मुलाकडे. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून बाबांनी त्याला बटण्या म्हटलं, ते दाढी आली तरी पुसलं गेलं नाही. फोटो काढायचे, ऑनलाइन दुकानाच्या पानावर टाकायचे, पार्सल बांधायचं, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. हे सगळं तो आपलं आपण शिकला होता. चुकत चुकत. दुकानाला तारे चांगले होते. लोक लिहायचे, बाहुली आमच्याकडे बघते असं वाटतं. बटण्या ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाबा म्हणायचे, "बघणारच. तिला काय दुसरं काम आहे?" पण त्या दिवशी जेवण दोन घास जास्त जायचं.

आणि मग तो एक तारा आला.

बटण्या ओट्यापाशी उभा राहून चहा करत होता. फोन वाजला म्हणून बघितलं. कुणा बाईंनी लिहिलं होतं, बाहुलीला औषधाचा घाण वास येतो, कुणीतरी वापरलेली असावी, लहान मुलांच्या हातात देऊ नका. चहा उतू गेला तरी त्याला कळलं नाही.

त्यानं आईला हळूच बाहेरच्या खोलीत बोलावलं. दोघांनी पाठवायला काढून ठेवलेल्या बाहुल्या एकेक करून नाकाला लावल्या. काही नाही. परत लावल्या. काहीच नाही. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण दोघांच्या डोक्यात एकाच वेळी आलं. बाबांच्या छातीला सकाळ-संध्याकाळ बाम चोळला जायचा. वर्षानुवर्षं. या घरातल्या नाकांना बाम म्हणजे हवाच झाली होती. या नाकांचा काय भरवसा?

तेवढ्यात पार्सलवाला आला. रोजचा माणूस, घरच्यासारखा. त्याच्या हातात बाहुली दिली आणि म्हटलं, हुंगा. तो बिचारा खरबूज निवडावं तसा बाहुली फिरवून फिरवून हुंगायला लागला. कापसाचा येतोय, म्हणाला. जरा साबणाचा. आणि हिला बिस्किटाचा येतोय. बटण्यानं बिस्किट खाल्लेला हात पाठीमागे घेतला. औषधाचा? नाही बुवा. पण दारातून बाहेर पडता पडता थांबला आणि म्हणाला, "मला बारा महिने सर्दी असते हं. माझं काही धरू नका."

झालं. खरं काय, ते तिथंच राहिलं.

बटण्याचं डोकं फिरलेलंच होतं. वापरलेली म्हणे. ज्या माणसानं एक टाका हुकला म्हणून अख्खा डोळा उसवला, त्याच्या हातची बाहुली वापरलेली. तो जिन्यात जाऊन बसला आणि एका दमात टाइप केलं. आमच्या बाहुल्या नव्याच असतात. माझे वडील आजारी आहेत, अंथरुणावरून उठत नाहीत, तरी प्रत्येक बाहुलीचे डोळे ते स्वतःच्या हातानं करतात. त्यांच्या हातामुळेच आमची बाहुली जिवंत वाटते. असं लिहिण्याआधी त्यांचा तरी विचार करायचा. पाठवून टाकलं. एकदम हलकं वाटलं.

हलकेपणा संध्याकाळपर्यंत टिकला. आधी एक ऑर्डर रद्द झाली. मग आणखी एक. मग एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी अगदी मायेनं विचारलं, वडिलांना लवकर बरं वाटो, पण आजार पसरणारा नाही ना? माझं बाळ सगळं तोंडात घालतं म्हणून विचारलं.

त्यानं उत्तर पुसायला घेतलं. पुसता येईना. एकदा दिलेलं उत्तर तिथं पुसता यायचं नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं तो एक तारा देणाऱ्या बाईंना वेगळा निरोप धाडला, बाहुली परत पाठवा, दुसरी देतो. त्यावर काही आलं नाही.

आईनं सगळं वाचलं. रागावली नाही. म्हणाली, "खरंच लिहिलंस रे. पण सगळं खरं कशाला लिहायचं?"

दुसऱ्या दिवशी बाबांचा डोळा लागलेला बघून दोघांनी मशीन उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. थोडे दिवस, आई म्हणाली. पायथ्याशी फरशीवर मशीनच्या पायांचे चार काळे डाग राहिले. बटण्यानं पानावर नवे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, कामाची खोली वेगळी आणि स्वच्छ आहे. लिहिताना त्याला आपलंच थोबाड फोडावंसं वाटलं.

बाबांना सांगितलं, सध्या मंदी आहे, आणि तिकडे उजेड बरा पडतो. बामाचं काय, तर बाबाच म्हणाले की आता माझे हात रिकामेच आहेत, माझा मी चोळून घेईन. आईला तेवढंच एक काम कमी.

डोळे आई करायला लागली. पांढरा टाका तिच्या हातून मोठा पडायचा. बाहुल्या दचकल्यासारख्या दिसायच्या, जणू मागून कुणीतरी भॉक केलंय.

बाबा रोज विचारायचे, "आज आंधळी कुणी नाही?" नाही म्हटलं की मान हलवायचे. उशीखालची डबी काढायचे, सुया गादीवर मांडायचे, लहान-मोठ्या लावायचे आणि परत भरून ठेवायचे.

एक दिवस बटण्या पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेला तर त्यांनी त्याला बसवलं. बाहेर मशीन चालू होतं.

"मंदी आहे ना?"

"हो ना बाबा."

"मग मशीन का थांबत नाही? तुझी आई काय वारा शिवतेय?"

बाबांनी नुसता हात पुढे केला. त्यानं फोन दिला. बाबांनी तो लांब धरून त्या बाईंचं लिहिलेलं वाचलं, एकदा. मग खालचं बटण्याचं उत्तर वाचलं. ते परत वाचलं.

"अंथरुणावरून उठत नाहीत असं लिहिलंस," ते म्हणाले.

"हो."

"संडासला जातो की मी."

बटण्याला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. बाबाही हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ गेली नाही. मग दम खाऊन म्हणाले की बाईंचं काही चुकलं नाही. दुकानात कुणी विडी ओढून माप द्यायला आला तरी कापडाला वास धरायचा. कापूस तर काय, सगळंच पितो. बटण्या म्हणाला, पण पार्सलवाला म्हणाला होता की वास नाही. तर बाबा म्हणाले, त्याला सर्दी असते, ऐकलं मी. तेव्हा मनात म्हटलं, हे सगळे हुंगताहेत तरी काय.

मग म्हणाले, "हातमोजे आण मला. डॉक्टरचे असतात तसले. काम नको बंद करू माझं."

एवढंच.

बटण्यानं मोजे आणले. आईनं एक कोरी बाहुली आणून दिली, पण मांडीवर नाही ठेवली. बाबांनीच सांगितलं, खाली धुतलेला टॉवेल अंथर. मोज्यातून सुई निसटायची. दोरा रबराला चिकटायचा. गाठ हाताला लागायची नाही. पहिली बाहुली तिरळी झाली. बाबांनी ती लांब धरून बघितली. "ही माझ्याकडे बघतेय की दाराकडे?"

"दोघांकडे," आई म्हणाली. "एकाच पैशात दोन कामं."

तिघंही हसले. संध्याकाळी आई ओट्यापाशी पाठमोरी बसून त्या बाहुलीचे डोळे उसवत होती. बटण्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. बाबा मात्र रोज एक मागायचे. रोज मोजे घालायचे. रोज जरा बरी व्हायची, पण पांढरा टाका काही जागेवर पडायचा नाही.

असं चाललं असताना त्या बाईंचा निरोप आला. बटण्या जिन्यातच होता. तिथंच उभा राहून त्यानं तो वाचला. बाईंनी लिहिलं होतं, पार्सल घरी आणताना मी ते सासूबाईंच्या औषधांच्या पिशवीत टाकलं होतं, त्यातली बाटली सांडली होती, पिशवी धुवायला काढली तेव्हा आता कळलं. वास तिचाच. बाहुली धुतली, उन्हात घातली, आता माझी मुलगी तिला सोडत नाही, कुशीत घेऊनच झोपते. चुकलं माझं. तारे बदलायला गेले होते, पण मुदत संपली म्हणून बदलता येत नाहीत.

बटण्या पळत आत गेला. बाबांच्या मांडीवरल्या टॉवेलवर बाहुली होती, एक डोळा झालेला. त्यानं निरोप मोठ्यानं वाचला, पूर्वी वाचायचा तसा.

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोरगी कुशीत घेऊन झोपते म्हणते?"

"हो बाबा. आपला वास नव्हताच. काढा ते मोजे. मशीन पण आणतो आत."

"राहू दे." त्यांनी बाहुलीचा फ्रॉक सारखा केला. "तिच्या वेळी वास नव्हता. पुढच्या एखादीला असेल."

आणि खोकला आला. हा खोकला वेगळा होता, तळातून ओढून आणलेला. बटण्याच्या लक्षात आलं की तो बरेच दिवस वेगळाच येत होता. बाहेर मशीनच्या आवाजात कुणी नीट ऐकलाच नव्हता. त्यानं बाबांना पुढे वाकवलं, पाठ चोळली आणि फळीवरची बामाची डबी घेतली. झाकण फिरेना. कडेची पट्टी तशीच होती. मंदी सांगितली त्या आठवड्यात त्यानं स्वतः आणलेली डबी. फोडलेलीच नव्हती.

"बाबा, हे उघडलंच नाही तुम्ही?"

बाबांनी त्याच्याकडे नाही, बाहुलीकडे बघितलं. "वास जातोय का बघत होतो खोलीतला."

बटण्यानं पट्टी फाडली. झाकण उघडलं आणि वास भस्सकन वर आला. नाकात गेला, डोळ्यात गेला. त्याला तो आला. लहानपणापासून या खोलीत वावरून जो कधी आला नव्हता, तो वास त्याला आज आला, कारण इतके दिवस तो वास इथं नव्हताच. एवढा उग्र असतो, त्याला माहीत नव्हतं.

त्यानं बोटांवर भरपूर घेतला आणि दुसऱ्या हातानं बाबांच्या सदऱ्याचं बटण काढायला गेला. बाबांनी त्याचं मनगट धरलं. मोज्यातला हात, गार.

"थांब," ते म्हणाले. "आधी तिला बाहेर ठेव."

त्यानं डाव्या हातानं बाहुली उचलली आणि बाहेर नेली. आई मशीनवर वाकलेली होती. तिनं मान वर न करता विचारलं, झाली का?

"एकच डोळा झालाय."

"मग आणलीस कशाला?"

आईनं मशीन थांबवलं आणि वर बघितलं. त्याच्या डाव्या हातात बाहुली होती. उजवा हात त्यानं पाठीमागे नेला होता, जेवढा लांब नेता येईल तेवढा, बोटं फाकून, भिंतीला टेकेल इतका. आपण असे उभे आहोत हे त्यालाही तेव्हाच कळलं.

आईनं बाहुली घेतली नाही. ती त्या हाताकडेच बघत राहिली. आत बाबा परत खोकायला लागले होते.