एका नंबरवर दोघी

मी एक जुनी सेटिंगची फाइल आहे. मित्रांनो, हसू नका. पांढरकवड्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या संगणकात मी राहते. एकदा लॉगिन केलं की हजेरी, निकाल, हॉलतिकीट सगळं उघडतं, ते सॉफ्टवेअर माझ्या सांगण्यावर चालायचं.

कंपनीतून आले तेव्हा मी फार ताठ होते. एका मोबाइल नंबरवर एकच विद्यार्थिनी, असा माझा खाक्या. मला माणसांत आणलं ते साधना मॅडमनी. त्या तिथे कंत्राटावर संगणकाचं काम बघायच्या. झरी जामणीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, अंगणवाडीच्या इंदूबाई दोन मुलींना घेऊन आल्या.

"मॅडम, पोडावर रेंज धरणारा फोन माहाच हाये. दोघींले तोच नंबर लावून द्या. ओटीपी आला का सांगीन मी पोरींले."

मॅडमनी माझी एक ओळ बदलली: एका नंबरवर दोघीही चालतील. त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

मग मॅडमचं कंत्राट संपलं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. कंपनीच्या विक्की सरांनी माझी नक्कल काढली, 'जुनी' असं नाव देऊन एका फोल्डरमध्ये टाकली. वाटलं, काम झालं की मला परत जागेवर नेतील. कुणी नेलं नाही. माझ्या जागी कंपनीची कोरी फाइल बसली, तोच एका नंबरवर एकीचा खाक्या घेऊन. नवं पान किती छान दिसतं म्हणून प्राचार्यांनी कौतुकही केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोडावरच्या त्या दोघींपैकी एकीने हॉलतिकीट काढलं. नंबर तिच्या नावावर लागला. दुसरी, वैष्णवी टेकाम, बाहेरच राहिली. ती एसटीने कॉलेजात आली.

"नंबर दुसरीच्या नावावर दाखवून राह्यला," कार्यालयातले बबनराव म्हणाले. "तुहा आण."

"माहा कुठून आणू, सर? मांगं तर यातच चालत होतं."

"सिस्टिम घेत नाही, त्याले मी काय करू, पोरी?"

ते ज्या संगणकासमोर बसले होते, त्यातच मी होते. मला जीव तोडून ओरडावंसं वाटलं. वैष्णवीला हॉलतिकीट मिळालं नाही. पेपर झाला, तिचं वर्ष बुडालं.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कधी नवं सॉफ्टवेअर बसवाल. जुन्या सेटिंगची नक्कल काढाल. काढा, पण आत काय लिहिलंय ते वाचा आणि ते परत जागेवर ठेवा. मला कुणी फेकलं नाही, जपूनच ठेवलंय. त्याचाच मला संताप येतो.

पेपरच्या दिवशी बबनरावांनी वैष्णवीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. त्यासाठी ते नवं पान लगेच उघडलं.