झोळीची दोरी

मराठी दुसरीचा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली की गलका ठरलेलाच. आनंदराव मास्तरांनी दोन आठवडे नीट लक्ष ठेवून पाहिलं होतं. आधी मुलींच्या रांगेत एखादं तान्हं कुरकुरायचं. त्याचं ऐकून दुसरं गळा काढायचं. मग मुलगे खिदळायचे, कुणी मांजरासारखं ओरडायचं आणि कविता दुसऱ्या ओळीतच बुडायची. कामथडीच्या अलीकडच्या त्या वाडीत मुली पाचच शिकत होत्या आणि पाचींच्या कडेवर धाकटं भावंड असे. पोर सांभाळशील तर शाळेत जा, अशी घराघरांतली अटच होती.

मास्तरांचा घसा आषाढातच बसला. छडी आपटून मनगट दुखू लागलं. तपासणी आठ दिवसांवर आली, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "उद्यापासून कडेवर पोर घेऊन कुणी यायचं नाही."

तपासणीच्या दिवशी वर्ग इतका शांत होता की कौलांवरच्या पागोळ्या ऐकू येत होत्या. साहेबांनी शेरा दिला, 'शिस्त उत्तम.' साहेब गेल्यावर मास्तर हजेरी चाळू लागले. त्या पाचींतल्या साळूच्या नावापुढं आठ शून्यं होती. बाकी चौघींच्याही.

संध्याकाळी ते भातखाचराकडे गेले. साळूची आई फुलाबाई पोटरीभर चिखलात लावणी करत होती. नऊ वर्षांची साळू भावाला काखेत मारून बांधावर उभी.

"साळूला का धाडत नाही?"

"तुमीच म्हनला न्हवं, पोरगं आनू नगं? मंग ह्याला काय खुट्याला बांधू?" फुलाबाईनं कंबर सरळ केली. "सासूबाई म्हन्त्यात, शाळा सुटली त्ये बरंच झालं. शिवऱ्याचं ठिकान आलंय. तुळशीचं लगीन झालं की हिचं."

"अहो, नऊ वर्षांची आहे ती."

"मला आठवं व्हतं, मास्तर."

साळूनं हळूच विचारलं, "पुढचा धडा झाला का वो?"

मास्तरांना तिच्याकडं बघवेना. ते थकल्या आवाजात म्हणाले, "फुलाबाई, उद्या तिला धाडा. पोरासकट. पोर मी बघतो."

फुलाबाईनं हातातली रोपं बांधावर टेकवली. "बघा हां. पोरगं तुमी संभाळलं, तर यंदा लगीन न्हाई. सासूसंगं म्या भांडीन."

सकाळी वर्गाच्या तुळईला मास्तरांच्या बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी लागली. कापड फाकून राहावं म्हणून आत आडवी घातली ती मास्तरांची छडी. दोरी त्यांनी पायाच्या अंगठ्याला बांधली.

दारातून कोंडिबा पाटील डोकावले. "मास्तर, आता अंगाई बी म्हना की! बाप्या मानूस झोळी हलवतोय. लाज कशी वाटत न्हाई?"

"वाटते ना, पाटील. तपासणीच्या दिवशी वाटायला हवी होती."

झोळीची बातमी वाडीत पसरली, तशा चौघी परत आल्या. अंबू आली नाही. त्या आठ दिवसांतच तिच्या लग्नाची सुपारी फुटली होती.

गलका काही कमी झाला नाही. झोळीतलं एक निजलं की गोणपाटावरचं दुसरं उठे. तरी त्या रडारडीच्या वर आवाज काढून साळू धडा वाचत होती आणि अंगठ्याच्या तालावर मास्तर मान डोलावत होते. पुढच्या तपासणीला शेरा कसला पडणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी अंबूच्या रिकाम्या जागेकडं एकदा पाहिलं आणि दोरी ओढली.