चार वाट्या

ते दोन हजार तेवीस साल. धोंड्याच्या महिन्यात अमडापुरात पावसानं झोडपलं आणि खरा श्रावण कोरडा गेला. उन्हानं गल्लीतली गटारं वाळली तशी गीताबाईला वाटलं, सुटलो, डास संपले. लेक रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. कुशीत तान्ही छकुली.

उन्हाबरोबर मुंग्या निघाल्या. बाळाला चावू नयेत म्हणून गीताबाईनं बाजेच्या चारी पायांखाली पाणी भरून वाट्या ठेवल्या. तिच्या आईनंही तिच्यासाठी तसंच केलं होतं. पाणी आटलं की ती वरून ओतायची. संध्याकाळी निंबाचा धूर, रात्री मच्छरदाणी, सगळं नेमानं चालायचं. रुपाली मात्र भरदिवसा घोटे खाजवत बसायची.

साचलेलं पाणी फेका, असं सांगत आशाताई आली. तिला आतली खोली पाहायची होती. बाळंतिणीच्या खोलीत परकं पाऊल नको, म्हणून गीताबाईनं तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"आमच्या घरी पाणी साचत नाई. ते पुष्पाबाईचं टाकं पाह्य आधी."

शेजारची पुष्पाबाई कुडापलीकडून म्हणाली, "माह्या टाक्यात गप्पी मासे हायेत, माय. डासाचं पिल्लू ठेवत नाईत ते."

"मासे खातात का तूच खाऊन राह्यली?"

आशाताईलाही हसू आलं.

पोळ्याला रुपालीला ताप भरला. बुलडाण्याला नेईपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. गणपती बसले त्या दिवशी ती गेली.

गल्लीच्या तोंडी एकच: पुष्पाबाईचं टाकं. रुपालीच्या बापानं, कडूबानं, सब्बल घेऊन ते फोडलं. कुणी हात धरला नाही. मासे चिखलात तडफडत होते आणि पुष्पाबाई ते ओंजळीनं बादलीत भरत होती. गीताबाई ओट्यावरून पाहत राहिली.

तेरवीनंतर तिनं बाज उचलली. चारी वाट्यांत अळ्या वळवळत होत्या. गटारं वाळवणाऱ्या उन्हाच्या उबेनंच त्या घरात पोसल्या होत्या. तिनं वाट्या तापल्या फरशीवर उपड्या केल्या, राखेनं घासल्या.

"काय व्हतं त्यात?" कडूबानं विचारलं.

"पाणी," ती म्हणाली.

पुष्पाबाई घराला कुलूप लावून शेगावला लेकाकडे गेली. तिथं हार विकते. टाकं फोडलं म्हणून गल्ली वाचली, असं कडूबा अजून सांगतो. छकुलीला तिचा बाप घेऊन गेला, त्यानं दुसरं लग्न केलं. पोर आजीला ओळखत नाही. मुंग्या निघाल्या की गीताबाई आता हळदीची रेघ ओढते. शेगावला जाणारी माणसं पुष्पाबाईला काही निरोप आहे का, विचारतात. ती काही सांगत नाही.