विमलबाई बाकावर बसल्या नाहीत

मी बाक बोलतोय. साधा, सागाचा, चार पायांचा. रोह्याच्या एका सुताराने मला घडवलं. शाळेत जाईन असं वाटलं होतं, पण नशिबात पेणच्या बाजूची एक पोलीस चौकी आली. कुठली ते विचारू नका. या वयात मला जबानी द्यायची नाही.

तिथे मी तीस वर्षं काढली. माणूस कसा बसतो यावरून मला त्याची ओळख पटायची. पुढारी ऐसपैस बसायचे, शेतकरी कडेला टेकायचे. आणि कातकरी? ते बसायचेच नाहीत. आत आले की थेट जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. तसं कुणी सांगावंही लागायचं नाही, इतकं ते मुरलेलं होतं. पंप जावो की कोंबडी, जीप आधी त्यांच्या वाडीवर जायची. इंग्रजांनी अख्ख्या जमातीवर चोरीचा शिक्का मारला होता. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, साहेबलोकांची सवय मात्र तशीच राहिली. मला त्याचा फार संताप यायचा.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. गणपती महिन्यावर आले होते. मंगळवारी दुपारी एका शेतघरातून पाण्याचा पंप गेला आणि बुधवारी कान्हू कातकऱ्याला उचलून आणलं. कान्हू जोहे गावात विमलबाईंच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात माती मळायचा. "मंगळवारी दिसभर कारखान्यातच व्हतो," तो परत परत सांगत होता. त्याच्या नखांत शाडू अजून तशीच होती. हवालदार जोह्याला विचारून आला आणि म्हणाला, "बाई म्हणतात, ठाऊक नाय. लई माणसं येतात-जातात."

मग कान्हूला आतल्या खोलीत नेलं. मी बाहेर होतो, पण सगळं ऐकू येत होतं. त्याची बायको मालू माझ्या पायाशी बसली होती. प्रत्येक आवाजाला ती माझा पाय घट्ट धरायची.

गुरुवारी सकाळी विमलबाई आल्या. हाताला मूर्तींचा रंग तसाच.

"साहेब, काल मी खोटं बोलले. चारशे मूर्ती रंगवायच्या हायत, म्हटलं पोलिसांचा ससेमिरा नको. कान्हू मंगळवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर व्हता. लिवून घ्या."

"बघू. बसा बाकावर," साहेब म्हणाले.

विमलबाई मालूकडे वळल्या. "ऊठ गो, वर बस."

"नाय बाय. आमी खालीच बरी."

विमलबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मालूकडे. मग पदर खोचला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

हवालदाराची तारांबळ उडाली. चौकीचा गणपती दरसाल विमलबाईंकडूनच यायचा! त्याने मला फडक्याने पुसलं, गयावया केली, "बाई, वर बसा, लोक बघतात."

"मालूला 'बसा' म्हणा. ती बसली की मी बसते."

तेवढं मात्र त्याच्या तोंडून निघेना. दुपारच्या बसने जोह्याच्या आणखी सहा बाया आल्या आणि सगळ्या खालीच बसल्या. मी रिकामा! रिकामं राहण्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

चारच्या सुमाराला साहेब बाहेर आले आणि विमलबाईंचा जबाब लिहिला गेला. मग मालूकडे न बघताच ते पुटपुटले, "बसा वर." मालू बसली, माझ्या अगदी कडेला. कान्हूला आणून तिच्याशेजारी बसवलं. त्याचा उजवा हात सुजून टम्म झाला होता. विमलबाईंनी तो हात हातात घेतला आणि त्यांना रडू फुटलं. "एक दिस उशीर केला रे मी."

पंप पुढे नागोठण्याला सापडला. शेतघराच्या मालकाच्या जावयानेच दुरुस्तीला टाकला होता. माफी मागायला वाडीवर कुणी गेलं नाही.

चौकीत लोखंडी खुर्च्या आल्या तेव्हा मला भंगारात काढलं, आणि विमलबाईंनी मला जोह्याला आणलं. आता माझा एक पाय डुगडुगतो. दुपारी विमलबाई, मालू आणि कान्हू माझ्यावर बसून जेवतात. कान्हूची दोन बोटं कधीच सरळ झाली नाहीत. तो डाव्या हाताने भाकरी मोडू लागला की विमलबाई दुसरीकडे बघतात.

मी लाकूड. त्या बुधवारी ऐकत राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. कधी अशी वेळ आलीच, तर गुरुवारची वाट बघू नका. बुधवारीच जा.