आमरसाचा डबा

तीन दिवस पाण्यापलीकडे काहीही न घेतलेल्या सिंधुबाईंनी सकाळी डोळे उघडले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, रस खावा वाटायलाय. आंब्याचा."

शेषेरावांना काय करू नि काय नको झालं. औशाच्या डॉक्टरांनी "घरी न्या, मागतील ते खाऊ घाला" म्हणून हात टेकले होते, आणि बाई काही मागतच नव्हत्या. आता मागितलं तेही फाल्गुनात, झाडाला बोराएवढ्या कैऱ्या असताना. पण नांदेडला दिलेली लेक सुकन्या रविवारी येऊन आमरसाचा एक पत्र्याचा डबा ठेवून गेली होती, आणि तो उघडायचं बोटभर ओपनरही.

"आत्ता देतो," म्हणत ते ओसरीवर बसले. तास झाला तरी डबा तसाच. ओपनरचा दात कडेला रोवायचा आणि वरची चावी चिमटीत धरून फिरवायची, काम एवढंच. पण चिमटीला अंगठा लागतो, आणि शेषेरावांचा उजवा अंगठा वीस वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला. डाव्या हाताने फिरवावं तर दात निसटायचा. जन्मभर बैल आवरलेल्या माणसाचं हे टीचभर लोखंड ऐकेना! कुणाला हाक मारावी तर सगळी गल्ली ज्वारीच्या राशीला गेलेली. त्यांनी सुकन्येला फोन लावला.

"आबा, विळ्यानं फोडू नका, पत्र्याचा कीस पडतो आत. दात बसला का?"

"बसतो गं, चावी फिरंना."

"तिथं दुसरं कुणी न्हाई का?"

"कोण असतंय?" म्हणत त्यांनी फोनच ठेवून दिला.

शेवटी पाण्याच्या मोटारीची पक्कड आणली. डबा गुडघ्यांत आवळला, चावी पकडीत धरली आणि मनगटाने पिळली. निम्मा डबा कापला गेला, करंगळीही कापली. पण रस वाटीत उतरला. त्या वासाने त्यांना रडूच आलं.

सिंधुबाईंना टेकवून बसवलं, चमचा ओठांशी नेला. बाईंनी ओठ उघडले आणि मध्येच थांबल्या.

"आखिती झाली का?"

सासरे गेल्यापासून बाईंचा नेम होता: आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना रसाचं ताट दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही. शेषेरावांना नुसतं हो म्हणायचं होतं. पण बेचाळीस वर्षांत या बाईशी खोटं बोलायची सवयच नव्हती. तोंडातून निघून गेलं, "न्हाई. दीड महिना हाय अजून."

"मग तवाच खाईन," म्हणून बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"झाली गं, झाली आखिती, मीच इसरलो," शेषेराव कितीदा तरी म्हणाले. बाईंनी मान वळवली नाही.

दुपारी सुकन्येचा फोन आला. "खाल्ला का आईनं रस?"

"डबा उघडला," ते म्हणाले.

"बरं झालं. पण उघडल्यावर दोन दिवसांच्या वर टिकत न्हाई बरं का, आबा."

शेषेरावांनी वाटीवर ताटली झाकली आणि तिथेच खाटेजवळ बसून राहिले.